गुलजारभाईची बंद न होणारी डिस्क

गुलजारने एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची ठरवली, इथपर्यंत सायराची काही तक्रार नव्हती. ती डिस्क आपण स्वतः निवडायची, असं त्याने ठरवलं आणि तिथून घोळाला सुरुवात झाली.

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावात बाजाराकडे जाताना उजव्या हाताला ‘सफा व्हिडिओ’ अशी पाटी दिसते, ते या नवरा-बायकोचं दुकान. सफा ही त्यांची मुलगी. तिच्या नावाखाली ‘प्रोप्रायटर गुलजार’ असं ठळक लिहिलेलं आहे. (सायराचं नाव घालायला पाटीवर जागाच उरली नाही, असं गुलजार सांगतो. पाटीवर एक कॅमेरा, दोन गुलाब आणि एक मोर आहे.) शूटिंग गुलजारचं आणि मिक्सिंग सायराचं, अशी धंद्याची वाटणी होती. हळदीपासून पाठवणीपर्यंत गुलजार कॅमेऱ्यात जे काही गोळा करून आणायचा, त्यातून लग्न कोणतं आणि नुसती गर्दी कोणती हे सायरा शोधून काढायची. पार धाडपासून अमडापूरपर्यंतची लग्नं त्यांच्या लॅपटॉपमध्ये कोंबलेली होती. त्यातली काही जोडपी वेगळी झाली, तरी फायली अजून एकत्र नांदत होत्या.

त्या साली बीटी कापसाच्या बोंडात गुलाबी अळी शिरली. बीटी आली तेव्हा अळीचा विषय कायमचा संपला, असं सगळे धरून चालले होते. आणि आता बाहेरून टपोरं दिसणारं बोंड फोडावं तर आत अळी बसलेली. कापूस घरात आला नाही की लग्नं पुढे ढकलली जातात, आणि जी होतात त्यांत सगळ्यात आधी व्हिडिओवाला कापला जातो. गुलजारचा कॅमेरा खुंटीला लागला. अशात बियाण्याच्या एका कंपनीचा एरिया मॅनेजर, सोहम नावाचा पुण्याचा तरुण, दुकानात आला. शेतकरी मेळाव्यात दाखवायला त्याला ‘यशोगाथा’ हवी होती. ही फिल्म जमली तर पुढच्या सगळ्या मेळाव्यांचं काम सफा व्हिडिओलाच, असं त्याने सांगितलं.

शूटिंग अर्जुनरावांच्या शेतात झालं. अर्जुनराव हे रुबाबी गृहस्थ. मुलाच्या लग्नात शिवलेला सफारी घालून ते कपाशीत उभे राहिले. सोहम साहेब बांधावरच्या गाडीत एसी लावून फोनवर बोलत होते. अर्जुनरावांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “या बियाण्यानं माह्यं जीवन बदलून टाकलं.”

मागे त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी हातातलं बोंड शांतपणे फोडलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. “बदललं तर खरंच. हे पाहा, कोण राह्याले आलं.”

आत गुलाबी अळी वळवळत होती. गुलजारला नवरीच्या मेंदीवर झूम करायची सवय. हातात काही धरलेलं दिसलं की त्याचं बोट आपोआप बटणावर जातं. त्याने इतकं सुरेख झूम केलं की अळीच्या अंगावरची वळीन् वळी मोजता यावी.

घरी येऊन सगळं लॅपटॉपमध्ये टाकायला घेतलं, तर लॅपटॉप म्हणाला, जागा नाही. म्हणून हार्ड डिस्क.

बुलढाण्याला अकीलभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे दोघं एसटीने गेले. वाटेत सायरा म्हणाली, “काम मले करायचं आहे त्याच्यावर. मले पाहू द्या.”

“पाह्य ना. पण निवडीन मी. टेक्निकल गोष्ट आहे ते.”

अकीलभाईंनी काउंटरवर दोन डिस्क ठेवल्या. एक तळहातात मावणारी, काळी, साबणाच्या वडीएवढी. दुसरी जाडजूड, उभी ठेवायची, पुढे निळा दिवा. गुलजारने लहान डिस्क हातात घेतली आणि ज्या नजरेने तो आहेरातला स्टीलचा वाटी-चमचा बघत असे, त्या नजरेने बघून खाली ठेवली.

“हे एवढीशी? याच्यात व्हिडिओ राहीन का?”

“दोन्हीत जागा सारखीच हाय, गुलजारभाई,” अकीलभाई म्हणाले. “एडिटिंगले ही लहानी मस्त हाय. लॅपटॉपले वायर जोडली की झालं. ती मोठी टेबलावर ठेवायची चीज. ऑफिसात चालते.”

“मंग आपलं काय आहे? ऑफिसच आहे.”

सायराने मोठ्या डिस्कचा खोका उलटा-पालटा करून पाहिला. “सफाचे अब्बा, याच्यासंगं हा येगळा चार्जर काऊन आहे?”

“मोठ्या गाडीले मोठं इंजिन लागतेच.”

“म्हंजे हे लाइटीवर चालते का? लाइट गेली मंग?”

गुलजार अकीलभाईंकडे पाहून समजूतदार हसला. (बायकोला दुकानात आणल्याबद्दल दुसऱ्या पुरुषाची माफी मागायची असते तेव्हा पुरुष असे हसतात.) अकीलभाई काही हसले नाहीत. ते म्हणाले, “भाभीजी बरोबर बोलून राह्यल्या.”

झालं. आता मोठी डिस्क घेण्यावाचून गुलजारला गत्यंतर उरलं नाही. बायको बरोबर आहे असं तिसऱ्या माणसाने चारचौघांत सांगितल्यावर कोणता नवरा माघार घेईल? त्याने मोठी डिस्क घेतली आणि एसटीत मांडीवर नव्या बाळासारखी धरून घरी आणली.

टेबलावर ठेवली, प्लग लावला, निळा दिवा लागला. गुलजार दोन पावलं मागे जाऊन पाहू लागला. “दिसते का नाई स्टुडिओसारखं?”

सायराने कॉपी सुरू केली. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहिला. डिस्क मात्र एक खोल उसासा सोडून गार पडली.

 सायरा उठून पीठ मळायला गेली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवसांत भारनियमनाला धरबंध नव्हता. लाइट यायची, गुलजार ओरडायचा, सायरा हातातलं लाटणं टाकून धावायची, पट्टी सरकायची, लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. सायराच्या भावाचं, मतीनचं, झेरॉक्सचं दुकान चौकातच होतं आणि त्याच्याकडे चांगलं इन्व्हर्टर होतं. पण ‘कॅमेरा विकून गिरणी टाका’ असा सल्ला मतीनने एकदा दिला होता, तेव्हापासून गुलजार त्याच्या दुकानासमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जात असे.

“अकीलभाई बदलून देतीन,” सायराने सुचवलं. “खोका आहे, बिल आहे.”

“घेतलेली चीज वापस करायची आदत नाई मले.”

“मंग काय करायची आदत आहे, ते तरी सांगा. मेळावा आला डोक्यावर.”

गुलजारने ठासून सांगितलं की या डिस्कवरच फिल्म होईल, मग त्याला सूर्यावर वायर टाकावी लागली तरी बेहत्तर. तेवढी वायर नव्हती म्हणून त्याने अर्जुनरावांना फोन केला. त्या आठवड्यात शेतीच्या पंपाला दिवसा लाइट होती, आणि अर्जुनरावांच्या विहिरीवरच्या खोलीत मोटरच्या पेटीशेजारी एक बोर्ड होता.

दुसऱ्या दिवशी सफा शाळेत गेल्यावर सफा व्हिडिओचा अख्खा स्टुडिओ मोटरसायकलवर बसून शेतात निघाला. गुलजार पुढे, सायरा मागे, दोघांच्या मध्ये डिस्क आणि सायराच्या पाठीवर लॅपटॉप. अर्जुनरावांनी खोलीतली खताची पोती बाजूला सारली. मनकर्णाबाईंनी कापूस वेचायचं टोपलं पालथं घातलं, त्यावर फडकं अंथरलं, त्यावर डिस्क बसली. निळा दिवा लागला. बाहेर मोटर धडधडू लागली आणि पाटाला पाणी आलं.

“हे काय, देव बसवला का?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“हार्ड डिस्क आहे, मावशी.”

“बरं. चहा घेते का थे?”

काम भराभर होऊ लागलं. सायरा खताच्या पोत्यावर बसून मिक्सिंग करत होती, मागे मनकर्णाबाई आणि अर्जुनराव वाकून पाहत होते. पडद्यावर आपला सफारी बघून अर्जुनराव खूश झाले. “कापड उठून दिसते, नाई?” तेवढ्यात मनकर्णाबाई पडद्यावर आल्या आणि सायराने बटण दाबलं तशा गेल्या.

“मी कुठी गेली?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

सायरा जरा घुटमळली. “कापलं, मावशी. साहेबाचा फोन होता. यायनं शूटिंगचं सांगतलं, तं तेवढं काढा म्हणे.”

“आन् अळी?”

“तेबी काढली. मागच्या सालचं दुसऱ्या वावराचं शूटिंग लावा म्हणते तेथी. पांढरंशुभ्र.”

मनकर्णाबाई सरळ उभ्या राहिल्या. दाराबाहेर त्यांची कपाशी होती. बोंडं लाल-काळी पडलेली, जी फुटली होती त्यांतला कापूस पिवळट आणि चिकटलेला. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “थ्या फिलमीतून अळी काढता येते, तं वावरातून काऊन नाई काढत तुमचा साहेब?”

 सायराने लॅपटॉपवरून हात काढून मांडीवर ठेवले.

“मी नाई कापत,” ती म्हणाली.

“सायरा,” गुलजारने हळूच समजावलं, “पुढच्या साऱ्या मेळाव्याचं काम आहे.”

“डिस्क तुम्ही निवडली. आत काय राहीन ते मी निवडीन.”

आता खरं सांगायचं तर गुलजार काही लढवय्या माणूस नव्हता. लग्नात फोटोसाठी स्टेजवरून उतरा म्हणून मामा लोकांना सांगायलाही त्याला धीर गोळा करावा लागायचा. तो बाहेर गेला आणि सोहम साहेबांना फोन लावला. म्हणाला, “सर, ती बाई आन् अळी राहू देऊ का थोडीशी? लोक तं वावरात पाहूनच राह्यले.”

पलीकडून सोहम साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, “गुलजारभाई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुमचं काम बटण दाबायचं. काय दाखवायचं, याचा विचार करायला आम्ही आहोत ना. तुम्ही फक्त बटण दाबा.”

“ठीक आहे सर,” गुलजार म्हणाला.

फोन खिशात ठेवून तो बराच वेळ पाटाच्या पाण्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या कॅमेऱ्यापुढे जिल्ह्यातली निम्मी लग्नं लागली होती. कुणाचा नवरा रुसला, कुणाची सासू खरी रडली आणि कुणाची खोटी, हे सगळं त्याने ओळखून टिपलेलं. आणि हा म्हणतो, फक्त बटण दाबा. गुलजारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या तापल्या की तो काहीही करू शकतो, हे सायराला माहीत होतं. (याच कानांनी ती डिस्क घेतली होती.)

तो आत आला. “सायरा, टाक मावशीले वापस.”

“आन् अळी?”

“अळीबी टाक. आवाज जरा वाढव. अजून काही बोलायचं असंन तं बोला, मावशी, कॅमेरा आणला मी.”

मनकर्णाबाईंनी पदर नीट केला आणि बोलल्या. फार नाही. बियाणं घेतलं तेव्हा पाकिटावर काय छापलं होतं, फवारण्या किती वेळा केल्या, आणि कापूस वेचायला बायका येईनात कारण वेचायला काही नाही, एवढंच. शेवटी म्हणाल्या, “साहेबानं एकडाव वावरात या. गाडीतून उतरून.” अर्जुनरावांनी तक्रार केली की मग सफारीचा अर्थच काय राहिला, पण बायको बोलून झाल्यावर तेही पुढे आले आणि पाठ केलेलं वाक्य मागे घेतलं.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. धाडच्या आजूबाजूच्या गावांचे लोक आले होते, मागे बायकाही बऱ्याच होत्या. कंपनीने जनरेटर आणला होता, त्यामुळे मोठी डिस्क प्रथमच ऐटीत चालू झाली. प्रोजेक्टर, लॅपटॉप, डिस्क अशी ओळ मांडून गुलजार नवा शर्ट घालून बसला होता. शेजारी सायरा. त्याने लॅपटॉपची वायर तिसऱ्यांदा काढून लावली, ती सैल आहे असं त्याने तिला सांगितलं.

खिडक्यांचे पडदे ओढले गेले. फिल्म सुरू झाली. कंपनीचं चिन्ह आलं, सनई वाजली. (सायराकडे दुसरं संगीत नव्हतं.) अर्जुनराव आले आणि त्यांचं जीवन बदलल्याचं म्हणाले. सोहम साहेब पहिल्या रांगेत समाधानाने मान डोलवू लागले. मग मनकर्णाबाईंचा हात पुढे आला, बोंड फुटलं, आणि भिंतभर पडद्यावर म्हशीच्या रेडकाएवढी गुलाबी अळी वळवळली.

 मग मागून एक म्हातारा म्हणाला, “हे तं आमच्याच घरची दिसते.” आणि सगळं कार्यालय हसलं. हसू विरलं तसं लोक पुढे सरकून ऐकू लागले, कारण पडद्यावर मनकर्णाबाई बोलत होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच घरातलं बोलणं आहे.

सोहम साहेब वाकून वाकून टेबलापाशी आले. “बंद करा. ताबडतोब बंद करा हे.”

गुलजारने वर पाहिलं. एरवी तो लगेच ‘ठीक आहे सर’ म्हणाला असता. पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या होत्या.

“होत नाई, सर.”

“म्हणजे?”

“मोठी डिस्क आहे. एकडाव चालू झाली की पुरी झाल्याबिगर बंद होत नाई.”

“असं कुठे असतं का? प्लग काढा.”

“काढा ना सर तुम्ही,” गुलजार अदबीने म्हणाला आणि खुर्ची बाजूला घेऊन वाट करून दिली. “फक्त करंट उलटा फिरते. डिस्क तं जाईनच, ते माही आहे. लॅपटॉप माहा. प्रोजेक्टर कोणाचा आहे, सर?”

“कंपनीचा.”

“मंग तुम्ही पाहा.”

सोहम साहेबांचा प्लगकडे गेलेला हात हवेतच थांबला. त्यांनी सायराकडे पाहिलं. सायराने गंभीरपणे मान हलवली. “हाव सर. आमच्या भावाचं झेरॉक्स असंच गेलं.” (मतीनचं झेरॉक्स त्या क्षणीही चौकात ठणठणीत चालू होतं.)

फिल्म शेवटपर्यंत चालली. पडदे उघडले तेव्हा सोहम साहेब अजून टेबलापाशीच उभे होते आणि सगळं कार्यालय त्यांच्याकडे बघत होतं. सत्काराचे नारळ तसेच राहिले. लोक एकच विचारत होते, वावरात कधी येता. साहेबांनी आधी वरच्या ऑफिसचं नाव काढलं, मग मिटिंगचं, मग दाराकडे पाहिलं. दारात मनकर्णाबाई दहा-बारा बायका घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब गाडीतून उतरून अर्जुनरावांच्या कपाशीत गेले, आणि बायकांनी एकामागून एक बोंड फोडून त्यांच्या हातात दिलं. पुढे कंपनीने काय केलं नि काय नाही, ती वेगळी रड आहे. पण त्या सकाळी ते बोंडं धरून उभे होते आणि ठेवायला त्यांना जागा नव्हती, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

पुढच्या मेळाव्यांचं काम अर्थातच गेलं. पण त्या संध्याकाळी सायराने गुलजारला न मागता खिमा वाढला आणि म्हणाली, “डिस्क काही अगदीच वाईट नाई.” लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढी तारीफ त्याने कधी ऐकली नव्हती. तो त्या आनंदात, मतीनच्या दुकानासमोरून, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूने दोनदा फिरून आला.

दोन दिवसांनी तालुक्याच्या एका लहानशा साप्ताहिकात बातमी आली. गुलजारने चहाच्या टपरीवर सगळ्यांना थांबवून ती मोठ्याने वाचायला घेतली. बातमी अशी होती: ‘शेतकरी मेळाव्यात संतप्त शेतकऱ्यांचे प्रश्न. बोंडअळीच्या पाहणीचे आश्वासन. दरम्यान, व्हिडिओचालकाच्या अज्ञानामुळे मशीन वेळेत बंद होऊ न शकल्याने चुकीची चित्रफीत पूर्ण चालली.’

चालकाचं नाव मात्र बिनचूक छापलं होतं.

“अज्ञान नव्हतं ते,” गुलजार टपरीवर सांगू लागला. “म्या जाणूनबुजून बंद नाई केलं. ते एका बटणात बंद होते.”

“होते का बंद?” टपरीवाल्याने विचारलं.

“होते ना.”

“मंग तवा काऊन नाई केली?” तो म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या, गुलजारभाई. मशीनचं असंच असते. आमच्या मिक्सरचंबी तसंच होते कधी कधी.”

पंधरवडाभर गुलजार भेटेल त्याला समजावत फिरला. जितकं समजावलं, तितकी लोकांना त्याची जास्त दया आली. शेवटी एक दिवस साखरखेर्ड्याचे पंजाबराव मुलीच्या लग्नाची सुपारी घेऊन दुकानात आले. त्या हंगामातलं हे पहिलं लग्न. गुलजारने खुर्ची पुसली, चहा सांगितला. पंजाबराव चहा पीत टेबलावरच्या डिस्ककडे लांबूनच पाहत राहिले.

“हेच का ते, बंद न होणारी?”

“नाई हो, होते बंद. दाखवू का?”

“नको, नको. राहू द्या,” पंजाबराव खुर्ची जरा मागे घेत म्हणाले. “आमचे व्याही मोठे तापट आहे. पंगतीत काही बोलले-चालले, तं ते सारं चालूच राहीन. म्हणून म्हटलं, लग्न सफा व्हिडिओलेच द्यायचं, पण शूटिंग सायराबाईनं करावं.”

“आन् मी?” गुलजारने विचारलं.

“तुम्ही जेवाले या,” पंजाबराव म्हणाले. “कॅमेरा घरी ठेवून. नुसते हात धुऊन.”